मथुरा गावंडे हिचा कागद

यवतमाळ,
शनिवार, १८ ऑगस्ट १९६२

प्रिय नागोराव,

जयभीम. तू वाचताना मनात रामराम म्हणशील, तोही मला पोचला असे समज. जवळजवळ सहा वर्षांनी लिहितो आहे, तेव्हा खुशालीपासून सुरुवात करायला हवी होती. पण माझे डोके जागेवर नाही. आज सकाळपासून साडेतीन तास मी एका खिडकीपुढे उभा होतो आणि खिडकीच्या पलीकडे, माझ्या हातापासून वीतभर लांब, एक कागद होता. तो कागद माझ्या बायकोचा आहे. तिचा जीव त्या कागदावर अडला आहे, आणि तो मला मिळत नाही. आता एस.टी. स्टँडच्या बाकावर बसून हे लिहितो आहे. अक्षर वेडेवाकडे येईल. तसे शाळेतही तुझेच अक्षर चांगले होते. तू आत बसायचास, मी ओट्यावर. मास्तरांची छडी तुला हातावर बसायची, मला लांबून फेकून.

मी राजूरला कोळशाच्या खाणीवर आहे, हे तुला कोणीतरी सांगितलेच असेल. दिवे ठेवायच्या खोलीत काम आहे. खाली उतरणाऱ्या माणसाला दिवा द्यायचा, वर आला की परत घ्यायचा. एक दिवा परत आला नाही तर एक माणूस वर आला नाही, एवढे सरळ काम. पहाटे आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना करून मी कामावर जातो. विहार म्हणजे चार पत्रे आणि एक तसबीर, पण तिथे बसले की मन स्थिर होते. गेले बारा दिवस तेही होत नाही. सत्यशीलेला, म्हणजे तुझ्या ओळखीच्या मथुरेला, उजव्या बाजूने छातीत धरले आणि ताप चढला. वणीच्या दवाखान्यात ठेवले आहे. शेजारच्या विमलताई तिच्याजवळ बसतात, म्हणून मला इकडे येता येते.

वणीचे डॉक्टर तरुण आहेत आणि माणूस म्हणून चांगले आहेत. गोळ्यांनी ताप हटेना, तेव्हा ते म्हणाले, छातीत पाणी धरले आहे, आता इंजेक्शने सुरू करू. मी म्हटले, साहेब, जरा थांबा, ही एकदा एका इंजेक्शनाने मरता मरता वाचली आहे. त्यांनी विचारले, कोणत्या? मला सांगता आले नाही. पंचावन्न साली वावरात निंदणी करताना तिच्या पायाला विळा लागला, पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळा पडला, मी तेव्हा बल्लारशाच्या जंगलात लाकडाच्या कामावर होतो आणि तू तिला बैलगाडीतून दिग्रसला, तिथून मोटारीने यवतमाळच्या धर्मादाय दवाखान्यात नेलेस. एवढेच मला माहीत. तिसऱ्या दिवशी इंजेक्शन दिले, तिचे तोंड सुजले, गळा बंद झाला, पाऊण तास डॉक्टर तिच्यावर ओणवे होते. शुद्धीवर आल्यावर तिने नर्सबाईंना विचारले, मले काय दिलं होतं? तर त्या म्हणाल्या, "तुले काय करायचं हाये नाव घेऊन? वाचली ना? झोप." सात वर्षांनी मी डॉक्टरांपुढे गप्प उभा राहिलो तो या एका वाक्यामुळे. औषध तिच्या अंगात गेले, गळा तिचा बंद झाला, आणि औषधाचे नाव तेवढे तिच्या कामाचे नव्हते.

डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी दोन-तीन औषधे दिली असतील, त्यातले कोणते बाधले ते जुन्या कागदावर नक्की लिहिलेले असणार, अशी गोष्ट तांबड्या शाईने लिहितात. तो कागद आणा. आणि म्हणाले, मी बुधवारी सकाळपर्यंत थांबतो. त्यानंतर थांबणे धोक्याचे. मग अंदाजाने एक देईन, पण अंदाज चुकला तर वणीत तिला परत आणायला माझ्याजवळ साधन नाही. त्यांनी यवतमाळला ट्रंक कॉलही लावला. तिकडून उत्तर आले, कागद फोनवर वाचून दाखवत नाहीत.

मग मी आलो. मागच्या सोमवारी पहिली खेप. दवाखान्याच्या मागच्या बाजूला दफ्तराची खोली आहे, तिला जाळीची खिडकी आणि खिडकीत एक बाबू. वयाने आपल्याएवढेच, कानावर पेन्सिल. मी नाव सांगितले, सत्यशीला धर्मपाल. त्यांनी पंचावन्नचे रजिस्टर पाहिले आणि म्हणाले, नाही. मी म्हटले, तेव्हा तिचे नाव मथुरा होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "बाईचं नाव सासरी बदलते हे ऐकलं होतं. चाळिशीत कोन्या सासरी गेल्या होत्या?" मी सांगितले, छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली, नावे बदलली. ते म्हणाले, मग बदलल्याचा दाखला आणा. कोणाचा आणू? तहसिलीत विचारले तर तिथला कारकून म्हणतो, असा दाखला आमच्याकडे निघत नाही, दवाखान्याने विचारला असेल तर दवाखान्यालाच विचारा. वणीला परत गेलो. गुरुवारी दुसरी खेप. तेव्हा बाबूंनी कुरकुरत मथुरा मारोती या आमच्या जुन्या नावांनी शोधले. दोन तास शोधले, खोटे बोलणार नाही. जुने गठ्ठे वेगळ्या खोलीत आहेत, आपला जिल्हा मध्यप्रदेशात होता तेव्हाचे, आणि त्या खोलीची किल्ली दुसऱ्याजवळ. बाबू धुळीने माखून बाहेर आले आणि म्हणाले, "त्या सालात तुमची बाई इथं आलीच नाही. तुम्ही दुसऱ्या दवाखान्याचं सांगून राह्यले." मला राग आला, पण त्यांच्या शर्टावरची धूळ पाहून मी जाळीपासून बाजूला झालो.

नावाचा विषय निघाला म्हणून लिहितो. त्या दिवाळीत मी तुझ्या खळ्यावर आलो होतो. नवे नाव सांगायला सगळ्यांत आधी तुझ्याकडे आलो, हे तुला कळले होते की नाही कोण जाणे. चारचौघांत मी तुला अहो पाटील म्हणायचो आणि रानात अरे नागो, आणि तू मात्र सगळीकडे मारोत्या म्हणायचास. मी म्हटले, आता धर्मपाल म्हण. तू कापसाच्या ढिगावर बसून हसलास. "नाव बदललं तं नाक बी बदललं काय रे मारोत्या? पाहू दे इकडे." तुझे गडी हसले. ते हसले नसते तर मीही कदाचित हसलो असतो. मी तुला बोललो ते आता लिहीत नाही. तेव्हा तू उठून म्हणालास, "मी तुमच्यासाठी काय केलं ते तुले माहीत नाही." मला वाटले, गाडी जुंपून नेलीस त्याचे उपकार काढतो आहेस. मी म्हटले, गाडीचे भाडे सांग. त्यानंतर तू बोललाच नाहीस आणि मी गाव सोडले.

गुरुवारी रात्री वणीला पोचलो तेव्हा ती शुद्धीत होती. मी उशाशी बसून सांगितले की कागद नाही, त्या सालात तू तिथे नव्हतीसच म्हणतात. तिने माझी बाही धरली. मग म्हणाली, "गावंडे पाहा." मला वाटले तापात बोलते आहे. ती म्हणाली, "मथुरा गावंडे पाहा. मी तिथं नागोरावभाऊची बहीण होतो."

पुढचे तुला माहीत आहे, पण मला ते कसे कळले ते तुला माहीत असावे म्हणून लिहितो. थांबत थांबत, दम घेत तिने सांगितले. आमच्या लोकांना तिथे मागच्या ओसरीत ठेवायचे, डॉक्टर तिकडे दोन दिवसांतून एकदा यायचे. पाय पाहून तू दारातच ठरवलेस. जातीच्या रकान्यात तुझी जात सांगितलीस, नात्याच्या रकान्यात भाऊ लिहिलेस आणि तिला म्हणालास, "आता तोंड बंद ठेव अन् मले दादा म्हण." पहिल्या दिवशी खोलीतल्या माठाला हात लावायचे तिचे धाडस झाले नाही. ती तहानलेली पडून राहिली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना संशय यायला लागला, तेव्हा तू पाणी ओतून तिला पाजलेस आणि उरलेले त्याच पेल्यातून सगळ्यांसमोर प्यालास. ती म्हणाली, आधी त्याने दाराकडे पाहिले, मग प्याला. अकरा दिवस ती तुला दादा म्हणत होती. अकराव्या दिवशी दारव्ह्याकडच्या एका बाईने तिला ओळखले. डॉक्टर फेरीवर यायच्या आधीच तुम्हाला बाहेर काढले. पाय अजून वाहत होता. तू कागद मागितलास तर तेव्हाचे बाबू म्हणाले, "ज्या बाईचा कागद हाये ती बाई तं नाहीच. देऊ कोनाले?"

मी तिला विचारले, सात वर्षे मला का सांगितले नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही त्याच्या दारात जाऊन भांडले असते." खरे आहे. मी भांडलो असतो. नागोराव, मी आजही भांडतो. हे ऐकल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात उपकाराची भावना आली नाही, राग आला. ज्या जातीच्या नावाखाली आम्ही पिढ्यान् पिढ्या बाहेर बसलो, ती लपवल्यावरच माझ्या बायकोला खाट मिळाली. डॉक्टर जिच्यावर पाऊण तास ओणवे होते ती मथुरा गावंडे होती. माझी मथुरा असती तर ओसरीत पडली असती आणि तिचा गळा बंद झालेला कोणाला दिसलाही नसता. हे मला मान्य करावे लागते. तू तिला खऱ्या नावाने नेले असतेस तर कदाचित ती आज नसती. तू तिला खोट्या नावाने नेलेस म्हणून आज तिचा कागद तिचा नाही. मी दोन रात्री हे उलटसुलट करून पाहिले. तुला दोष द्यायला जागा सापडत नाही आणि राग तर आहे. तो कोणावर काढू? बाबूंवर काढता येत नाही, ते तेव्हा इथे नव्हते.

काल शुक्रवारी निघून रात्री इथे आलो आणि आज सकाळी खिडकी उघडली तेव्हा पहिला मीच होतो. मी म्हटले, मथुरा गावंडे. गुरुवारी काढलेले गठ्ठे बाहेरच होते, बाबूंना दहा मिनिटांत कागद सापडला. पिवळा पडलेला, दोरीने बांधलेला, पण शाबूत. त्यांनी तो जाळीच्या आत टेबलावर उघडला आणि मी पाहिले, नागोराव, खालच्या अर्ध्या भागात तांबड्या शाईची एक ओळ. इंग्रजीत. मला इंग्रजी येत नाही, आणि आले असते तरी त्यांनी त्यावर हात ठेवला होता. मी वणीच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली. ते म्हणाले, ही मोठ्या साहेबांच्या नावाची आहे, साहेब नागपूरला गेले, गुरुवारी येतील. मी म्हटले, बुधवारी उशीर होतो. ते म्हणाले, ते मी काय करू. मग विचारले, तुम्ही हिचे कोण? मी म्हटले, नवरा. त्यांनी कागद पाहिला. नवऱ्याच्या नावाची जागा रिकामी आहे. "इथं तं फक्त भाऊ हाये. नागोराव गावंडे. सही त्याची हाये." मी म्हटले, कागद देऊ नका, नुसती ती तांबडी ओळ वाचून दाखवा, मी पाठ करतो. ते म्हणाले, "रोग्याची खासगी गोष्ट हाये भाऊ, अशी कोनालेही सांगता येत नाही. एक तं बाईनं स्वतः यावं, नाही तं ज्याची सही हाये त्यानं." मी म्हटले, बाई छातीत पाणी घेऊन वणीत पडली आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले. वाईट माणूस नाही तो. "मले समजते. पण उद्या खराच भाऊ आला अन् म्हणाला, माझ्या बहिणीचा कागद कोन्या परक्या माणसाले काहून दिला, तं मी काय सांगू?"

परका माणूस मी. खरे कसे सांगू, याचा मी तिथे उभा राहून फार विचार केला. सांगायला लागलो असतो तर आधी हे सांगावे लागले असते की कागद खोटा आहे, आणि खोटा कागद तर ते मुळीच देणार नाहीत. खिडकी बंद झाल्यावर मी पायरीवर बसलो. तिथे झाडझूड करणाऱ्या बेबीताई आहेत, सगळे ऐकून होत्या. त्या म्हणाल्या, "कायले डोकं लावून राह्यले भाऊ? सोमवारी त्या चहावाल्याले आणून उभा करा. म्हणा हाच नागोराव. एका सहीचं तं काम हाये." मी हसलो नाही. उठून चहावाल्यापर्यंत गेलोही. त्याने कप पुढे केला आणि विचारले, काय पाहिजे. रोज पहाटे मी पाच शीले म्हणतो, त्यात खोटे बोलणार नाही हे एक. म्हणताना सोपे वाटते. तिथे कप हातात घेऊन मी स्वतःला विचारले, तुझे शील मोठे की तिचा श्वास? शील असे चटकन म्हणता आले असते तर मला एवढी भीती वाटली नसती. चहा पिऊन परत आलो. मग एक साधी गोष्ट लक्षात आली, जी सकाळीच यायला हवी होती. खरा नागोराव गावंडे इथून चाळीस मैलांवर, आपल्या वावरात आहे. त्याला कोणाचे सोंग घ्यायचे नाही.

म्हणून हे पत्र. टपालाने सोमवारीही पोचणार नाही, म्हणून दिग्रसच्या संध्याकाळच्या गाडीचा कंडक्टर पूनमसिंग, आपल्या गावापलीकडच्या तांड्याचा, त्याच्या हाती देतो आहे. तो म्हणाला, उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल. कपाशीतले तण काढायचे, डवरणीचे दिवस आहेत, एक दिवस मोडतो म्हणजे काय ते मला कळते. तरी सोमवारी पहिल्या गाडीने ये. मी स्टँडवर असेन. खिडकी दहाला उघडते. कागद हातात आला की मी मिळेल त्या गाडीने करंजीवरून वणीला जातो, तुला यायचे असेल तर तूही चल, ती विचारते आहे. बाबू तुला विचारतील, ही बाई तुझी कोण. पंचावन्न साली लिहिलेस तेच सांग. मी कोण असे विचारले तर धर्मपाल म्हण, दुसरे काही म्हणालास तर ते आणखी एक दाखला मागतील. आणि मग ते माझ्याकडे वळून विचारतील, हाच का बाईचा भाऊ? सहा वर्षे मी तुझ्याशी बोललो नाही, त्यातल्या या शेवटच्या दोन रात्री सोडून बाकी सगळा वेळ मी या प्रश्नाला नाही म्हटले असते. सोमवारी मी हो म्हणेन. हो म्हणताना माझे शील मोडणार नाही. याची खात्री करून घ्यायलाच एवढे लांब लिहीत बसलो, नाहीतर चार ओळींत काम होते. ते तेव्हा बरोबर केलेस की चूक, यावर आपण दोघे वणीला तिच्या खाटेजवळ बसून भांडू. आधी ती ओळ वाचून घेऊ.

तुझाच,
धर्मपाल